पान दोनशे बाराच्या पुढे

हिया तेंगने पाकीट आणि सुतळीने बांधलेला पुस्तकांचा गठ्ठा माझ्या टेबलावर टाकला आणि नेहमीच्याच सुरात म्हणाला, "आ-जियाप, अठ्ठेचाळीस पानं, पाचशे प्रती. शंभराव्या दिवशी चिता. अजून चाळीस दिवस हातात आहेत, तेव्हा उगाच माझ्या डोक्यावर बसू नकोस." हिया तेंग छापखान्याचा मालक. सत्तरी उलटली तरी रोज सकाळी यंत्राला हात जोडल्याशिवाय बटण दाबत नाही, आणि डोक्यावर कोणी बसत असेल तर तोच माझ्या बसतो. मी पाकीट उपडं केलं. आधी पदव्यांसकट नातेवाइकांची यादी आली, मग जपाची पानं, मग चरित्राचा कागद, आणि शेवटी एक फोटो घसरत येऊन माझ्या बर्फाच्या कॉफीच्या पेल्याला टेकला. नुआन होती. केस पांढरे, गाल आत गेलेले, पण डावी भुवई तशीच वर, समोरचा माणूस आता काय बरळणार ते बघू या अशी. मी काय केलं असेल, तर पेला बाजूला सरकवला, फोटो ओला होऊ नये म्हणून. तेहतीस वर्षं चितेची पुस्तकं तपासणाऱ्या बाईचा हात आधी कागद वाचवतो. नुआन गेली हे मला साठ दिवस उशिरा कळलं, आणि कळलं ते कामाचा कागद म्हणून.

आमचा छापखाना चितेच्या पुस्तकांवरच चालतो. आमच्याकडे माणूस गेला की पेटी शंभर दिवसांपर्यंत विहारात ठेवतात, आणि अग्नी देताना आलेल्या प्रत्येकाच्या हातात एक पुस्तक ठेवायचं: गेलेल्याचं चरित्र, चार जणांचे निरोप, आणि उरलेल्या पानांत त्याच्या आवडीचं काहीतरी. जप असतात, बांगड्याच्या पाककृती असतात, आंब्याची कलमं कशी बांधावीत ते असतं. एकदा एका वकिलाच्या पुस्तकात कोंबड्यांच्या झुंजीचे नियम होते, आणि विहारातले भिक्खूसुद्धा ते मन लावून वाचत होते. नुआनच्या, कागदोपत्री नुआनचनच्या, चरित्रात शाळा होती, मीठ सहकारी संस्थेतली नोकरी होती, वडिलांची सेवा होती, आणि सहाव्या ओळीत होतं: 'अविवाहित. आयुष्यभर एकटी राहिली.' सोबत धाकट्या भावाची चिठ्ठी, शाळामास्तरी अक्षरात: 'दिवंगत भगिनी आजारपणात ही कादंबरी ऐकत असे. तिच्या इच्छेनुसार अध्याय एकतीस छापावा. लेखिकेची परवानगी घेतली आहे. मात्र दोन स्त्रियांच्या सोहळ्याची दोन पानं वगळावीत. लढाई राहू द्यावी. कुठे कापलं तर विसंगत वाटणार नाही, ते मुद्रितशोधकाने सर्व खंड वाचून ठरवावं.' भाऊ छापखान्यात येऊन गेला होता, पण त्याची गाठ हिया तेंगशी. आम्ही मागच्या खोलीत बसणारी माणसं, आमची ओळख फक्त लाल पेन्सिलीची.

लाल पेन्सिल. तेवीस वर्षांपूर्वी नुआनची आई गेली, तेव्हाही पुस्तक इथेच आलं होतं. मीच म्हटलं होतं, आमच्याकडे द्या, मी नीट बघते. तेव्हा आम्ही दोघी अकरा वर्षं एकत्र राहत होतो, कालव्याकाठच्या दोन खोल्यांत, आणि छापखान्यात मी सांगत असे की मैत्रिणीबरोबर भाडं वाटून घेते. नुआनने आईला निरोप लिहिला होता. शेवटचं वाक्य: 'आई, माझी काळजी करू नकोस, जियापबरोबर मी घर केलं आहे.' ते वाक्य टाइपात माझ्यासमोर आलं आणि माझे कान तापले. वाटलं, कंपोझ करणाऱ्याने वाचलं, यंत्रावरच्याने वाचलं, बाइंडिंगच्या बायका वाचणार, हिया तेंग वाचणार. कोणी काही म्हणालं नव्हतं. मी वाक्यावर लाल रेघ मारली आणि समासात कारण लिहिलं, 'जागा अपुरी'. जागा भरपूर होती. त्या निरोपाखाली चार ओळींची जागा मोकळीच छापली गेली. चितेच्या दिवशी नुआनने पुस्तक उघडलं, त्या कोऱ्या जागेवर अंगठा ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि पुस्तक मिटून पिशवीत टाकलं. भांडली असती तर मी पाया पडले असते. ती भांडली नाही. महिन्याभराने मॅक्लोंगला, आपल्या गावी, निघून गेली, वडिलांकडे बघायला कोणी नाही म्हणून. मी तिला बसपर्यंत पोचवायलासुद्धा गेले. खिडकीतून तिने मला मोसंबं दिलं. ते सोलायचं धाडस मला झालं नाही, वाळून दगड झालं.

आता पुन्हा तोच हात, तेच घराणं, आणि कापायची दोन पानं. मी गठ्ठ्याची सुतळी सोडली. 'खाऱ्या सिंहासनाचे वारस', पाच खंड, वेष्टनावर ज्वाळा आणि मगरी. खरं सांगते, तलवारी, शाप, मंतरलेली राज्यं ही पोरासोरांची करमणूक असं माझं ठाम मत होतं. काम म्हणून वाचायला घेतलं. सकाळच्या कालव्याच्या बोटीत पहिला खंड उघडला, आणि फान फाच्या धक्क्यावर उतरायचं ते मी दोन धक्के आधीपासून उठून उभी असूनही विसरले. तिकीटवाल्या बाईने हटकलं, "मावशी, पुस्तकातला राजवाडा काही इथे यायचा नाही, उतरा!" काय माणसं होती त्या पुस्तकात! लुंग पान नावाचा राजाचा म्हातारा स्वयंपाकी, आणि खेम नावाचा निवृत्त जल्लाद. चाळीस वर्षं दोघं एकाच चटईवर झोपतात आणि कोळंबीच्या चटणीला ऊन पुरेसं लागलं की नाही यावर रोज भांडतात. वेशीवर शत्रू येतो तरी ह्यांचं चाललेलंच. जन्मपत्रिकेत राजकन्या म्हणून लिहिलेला एक राजपुत्र आहे. तो राजपुत्र आहे याबद्दल दरबारात कोणाची तक्रार नाही, तक्रार फक्त शिंप्याची, की चिलखत किती वेळा उसवायचं. जकातनाक्यावर एक कारकून बसतो, तो मेला आहे हे त्यालाच माहीत नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला नाव विचारतो आणि कोणी उत्तर देत नाही म्हणून मनाला लावून घेतो. आणि सेनापती साइसुनी, जिला पाण्यावर गेलं की ओकारी होते, आणि तिची नावाडीण बुआचुम, जी नावेच्या पुढच्या टोकाशी बसून मागे न बघता तिच्यासाठी लिंबू पुढे करते. कोणी कोणाला समजावून सांगत नाही, कोणी मान खाली घालत नाही. मी साठी ओलांडली आहे. असल्या लोकांनी भरलेलं पुस्तक मी पंचविशीत वाचलं असतं तर, असं वाटलं आणि इतका संताप आला की बोटीत शेजारी बसलेल्या बाईने माझ्या अंगावर पाणी उडालं समजून प्लास्टिकचा पडदा वर ओढला.

दुसऱ्या खंडात माझ्या बोटाला ती खूण लागली. समासात, ओळीच्या शेजारी, नखाने दाबलेली बारीक चंद्रकोर. डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागते. नुआन पेन्सिलीने पुस्तकं रंगवायची तेव्हा मीच ओरडले होते, कागदाचे हाल करू नकोस म्हणून. तेव्हापासून ती आवडत्या ओळीपाशी अंगठ्याचं नख रुतवायची. भाचीने, म्हणजे भावाच्या मुलीने, खिमने, वाचून दाखवलं असेल आणि हिने उशीवरून हात लांब करून नख टेकलं असेल. मग मी वाचणं सोडून बोटांनी समास चाचपायला लागले. मला वाटलं होतं, प्रेमाच्या जागी खुणा असतील. तिथे एकही नाही. चटणीच्या भांडणापाशी सतरा. शिंप्यापाशी पाच. आणि त्या मेलेल्या कारकुनाच्या एका वाक्यापाशी एक, इतकी खोल की मागच्या पानावर उमटलेली: 'कोणी उत्तर देत नाही, म्हणजे मीच नीट विचारलं नसेल.' त्या दिवशी मी डबा उघडला नाही. हिया तेंग दारात येऊन म्हणाला, "आ-जियाप, पुस्तकातलं कोणी मेलं का?" मी म्हटलं, "मेलेलाच आहे तो." "मग रडतेस कशाला?" म्हणून तो गेला.

पूर्वी आम्ही एकच पुस्तक दोघी मिळून वाचायचो, खांद्याला खांदा लावून. नुआन सावकाश वाचायची. मी पानाच्या तळाशी येऊन थांबायची, ती हुं म्हणायची, मग मी पान उलटायची. आता बोटीत मी पानाच्या तळाशी येत होते आणि थांबत होते. थांबायचं कारण नव्हतं. तरी हुं येईपर्यंत हात उठायचा नाही, आणि मग कधीतरी इंजिनाच्या घरघरीतून, कधी माझ्याच घशातून, काहीतरी यायचं आणि पान उलटलं जायचं. उजवीकडची जागा मी पिशवी ठेवून अडवायला लागले. जल्लादाचा आवाज आमच्या जुन्या घरमालकासारखा यायला लागला. नुआन त्याची तशीच नक्कल करायची. वाचत मी होते, आवाज तिचा होता. भीती वाटत होती का? वाटत होती. पण पुस्तक संपेल याची जास्त वाटत होती, कारण ते उघडं असेपर्यंत ती शेजारी होती आणि तिने मला एका शब्दाने विचारलं नव्हतं की का खोडलंस.

अध्याय एकतीस चौथ्या खंडात आहे. मिठागरावर, सगळ्या फौजेसमोर, साइसुनी आणि बुआचुम एकमेकींच्या मनगटाला लग्नातला पांढरा दोरा बांधतात. पुरोहित पळून गेलेला, म्हणून जल्लाद मंत्र म्हणतो आणि चुकतो, आणि लुंग पान त्याला फौजेदेखत झापतो. बस. दोन पानं. कापायला सोपी होती, अगदी सोपी. 'सूर्य वर आला' इथून थेट 'रणशिंग वाजलं' इथे जाता येतं, कोणाला पत्ता लागला नसता. अशी शिवण मला डोळे मिटून घालता येते, तेच तर माझं कसब. मी पेन्सिल टेकवली आणि उचलली. निर्णय पुढे ढकलला आणि पाचवा खंड घेतला. तिथे पान दोनशे बारावर, नाविकदलाची साखळी तोडायला बुआचुम पाण्यात उडी मारते आणि वर येत नाही. साइसुनी नावेत उभी राहून शंभर आकडे मोजते. पानात आत्याला 'पा' म्हणणाऱ्या भाचीची चिठ्ठी होती: 'पा नुआन इथपर्यंत.' खाली तारीख, ती गेली त्याच्या आदल्या दिवसाची.

पुढचे चार दिवस मी ते पान उलटलं नाही. उलटलं असतं तर ती मागे राहिली असती. तिला श्वास रोखायला लावून मी एकटीने पुढे कसं जायचं? मधल्या वेळात मी चरित्राचं प्रूफ तपासलं, हात आपोआप चालत होता. मुखपृष्ठाचा कच्चा नमुना हिरवा होता. कारण चरित्रात 'जन्म बुधवार' लिहिलं होतं आणि बुधवारचा रंग हिरवा. मी पेन्सिलीने दुरुस्त केलं: 'बुधवार, सायंकाळी, दिवेलागणीनंतर. मुखपृष्ठ काळपट राखाडी करावं.' आमच्याकडे बुधवार दोन असतात, दिवसाचा बुधाचा आणि सूर्य मावळल्यावरचा राहूचा. राहूची मुलगी म्हटली की स्थळं बिचकतात, म्हणून नुआनच्या आईने सगळ्यांना सकाळ सांगितली होती, घरच्यांनासुद्धा. नुआनला तेवढं खरं सांगितलं आणि नुआनने मला. अकरा वर्षं दर बुधवारी कामावरून येताना मी राहूसाठी काळा चिकट भात आणि काळी जेली आणायची आणि ती ते विहारात ठेवून यायची. शुद्धलेखनाची चूक काढावी तशी मी ती ओळ दुरुस्त केली. प्रूफ मॅक्लोंगला गेल्यावर मला कळलं की मी काय करून बसले.

पाचव्या दिवशी मी पान उलटलं आणि एका दमात शेवटपर्यंत वाचलं, जेवणाच्या सुट्टीत, हातात चमचा तसाच. पान तीनशे चाळीसवर बोटाला चंद्रकोर लागली. ती इथे आलीच नव्हती. मी खूण पुन्हा चाचपली, नख त्यात बसवून पाहिलं. बरोबर बसलं. नख माझंच होतं. ही सवय मला कधी लागली ते मला ठाऊक नाही.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी भाऊ आला. आचान विचित, आचान म्हणजे गुरुजी, निवृत्त भूगोल शिक्षक, गळ्यापर्यंत बटणं लावलेला, प्रूफ हातात धरून. तो सरळ मागच्या खोलीत शिरला आणि त्याच्या मागे हिया तेंग.

"हा बुधवार कोणी बदलला?"

"आमच्या आ-जियापने," हिया तेंग म्हणाला. "चूक असेल तर सांगा, आचान. तेहतीस वर्षांतली पहिली ठरेल, मी जेवण घालीन."

"बहीण सकाळची. आई सांगायची."

"संध्याकाळची," मी म्हणाले. "आईने सकाळ सांगितली, स्थळं परत जाऊ नयेत म्हणून."

"तुम्हाला कसं माहीत?"

उत्तर तोंडात तयार होतं. दुसऱ्या कुटुंबाच्या कागदाशी गल्लत झाली, आचान, माफ करा. असल्या उत्तरांवर मी आयुष्य काढलं आहे. पण त्याची डावी भुवई वर गेली होती, तिच्यासारखी.

"दर बुधवारचा काळा भात मीच आणायची," मी म्हणाले. "अकरा वर्षं."

तो कागदाच्या रिमांवर बसला. हिया तेंग एरवी रिमांवर बसणाऱ्याला फाडून खातो, आज त्याने पंखा त्याच्याकडे वळवला. "शेवटचे सहा महिने काळा भात मागायची," आचान म्हणाला. "दर बुधवारी. खायची नाही, विहारात पाठवा म्हणायची. आम्ही म्हणायचो, आजारी माणसाचे लाड." मग माझ्याकडे नीट बघून, "म्हणजे आईच्या वेळी ताटं धुवायला बसली होती ती तुम्ही? पी जियाप?" पी म्हणजे ताई.

"तीच."

"मला वाटायचं ती एकटी आहे. दर नव्या वर्षाला तिच्यासमोर जेवायला बसायचो आणि मला घास उतरायचा नाही. ती हसायची. मला वाटायचं, मला बरं वाटावं म्हणून हसते."

"ती दोन पानं काढायला का सांगितलीत?"

"लोक काय म्हणतील, एक. आणि दुसरं," तो अडखळला, "बिचारीला जे मिळालं नाही ते कशाला छापून दाखवायचं."

"मिळालं होतं, आचान. ह्याच टेबलावर मी ते खोडलं." आणि मी त्याला ते वाक्य सांगितलं, आईच्या पुस्तकातलं, आणि समासातलं माझं खोटं कारणही. हिया तेंग ऐकत होता. यंत्रावरचा पोऱ्या ऐकत होता. कान तापले, पण मी थांबले नाही. "आता मी पुन्हा कापणार नाही. तुम्हाला कापून हवं असेल तर दुसऱ्या छापखान्यात जा."

हिया तेंगला खोकल्याची उबळ आली. आचानने माझ्याकडून चौथा खंड मागून घेतला आणि रिमांवर बसूनच ती दोन पानं वाचली. बहुधा पहिल्यांदाच. जल्लाद मंत्र चुकतो तिथे त्याच्या ओठाचा कोपरा हलला. पुस्तक मिटून तो म्हणाला, "ती नावाडीण पाण्यातून वर येते का? खिमला पुढचं वाचवत नाही."

"सांगू?"

"मला नको. पी नुआनला सांगा. तिचं अर्धं राहिलं." मग माझी लाल पेन्सिल उचलून त्याने सहाव्या ओळीतलं 'आयुष्यभर एकटी राहिली' स्वतः खोडलं, मास्तर खोडतात तसं, दोन रेघांनी, आणि खाली सही केली. तो गेल्यावर हिया तेंग दारात प्रूफाची पानं मोजत उभा राहिला. "अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस भरली आहेत, आ-जियाप," तो शेवटी म्हणाला. "तुला लिहायला जागा पुरेल?"

"मलपृष्ठाच्या आतली बाजू कोरी आहे."

"मग लिही. आणि भाडं वाटून घेते म्हणे! मी काय आंधळा होतो?"

चितेला दुपारी चार वाजता चारशेवर माणसं आली. पायऱ्यांखाली खिम राखाडी पुस्तकं वाटत होती, प्रत्येकाला एक पुस्तक आणि पेटीपाशी ठेवायचं, चंदनाचं म्हणतात ते कागदी फूल. रांगेत मिठागरावरच्या दोन बायका पुस्तक उघडून जल्लादापाशी आल्या आणि फसकन हसल्या, मग तोंडावर हात ठेवून तिथेच वाचत उभ्या राहिल्या, तर मागच्यांनी त्यांना ढकललं. आचानने मला घरच्यांच्या रांगेत बोलावलं. मी माझं फूल ठेवलं, नख पेटीच्या लाकडाला टेकवलं, आणि खाली उतरून पुस्तक शेवटून उघडलं, छपाई कशी आली आहे ते बघायला. तिथे होतं:

'नुआन, तू पान दोनशे बारावर थांबलीस. बुआचुम वर येते, पण तिला काही आठवत नाही, साइसुनीसुद्धा नाही. मी तुला गोड करून सांगणार होते, पण ह्या वेळी काही गाळायचं नाही असं ठरवलं आहे. लुंग पान वाचतो. जल्लाद वाचत नाही. चटणीला ऊन कमी पडलं हेच त्याचं शेवटचं बोलणं. राजपुत्राला गादी मिळते, चिलखत तरीही घट्टच होतं. नाक्यावरच्या कारकुनाला शेवटी एकजण नाव सांगतो. शेवटच्या पानावर साइसुनी नाव पाण्यात ढकलते, आणि बुआचुम कोणी न सांगता पुढच्या टोकाशी जाऊन बसते. तिच्या हातात लिंबू असतं, ते कशाला घेतलं हे तिलाच माहीत नसतं. एवढंच आहे. आई भेटली तर सांग, तिच्या पुस्तकात जागा होती.

राम्पाइ, म्हणजे जियाप, जिच्याबरोबर नुआनचनने घर केलं होतं.'